दुसरं सिम वेगळं, दुसरी वाट वेगळी

"घरच्या नेटला बॅकअप आहे का?" असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. "आहे की! दोन सिम आहेत." साताऱ्यात गोडोलीला बसून घरून हिशेबाची कामं करणारी मीसुद्धा दोन वर्षं हेच सांगत होते. सिम दोन असली तरी वाट एकच असू शकते, हे मला जुलैच्या एका 20 तारखेला कळलं.

20 तारीख म्हणजे जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचं दरमहाचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. तीन गिऱ्हाइकांचे रिटर्न बाकी होते. लाइट पहाटेच गेली होती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. राउटर इन्व्हर्टरवर असल्यामुळे मी निर्धास्त होते. दहाच्या सुमारास राउटरमधल्या सिमचं नेटवर्क गेलं. आण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, फोनमध्ये मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन ठेवलं होतं. तो फोन उचलला, तर त्याच्यावरही 'नो सर्व्हिस'. शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून भर पावसात मावसबहिणीच्या घरी गेले. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानातल्या मुलाला नंतर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, कंपन्या दोन असल्या म्हणून काय झालं? तुमच्या बाजूला दोघींचा टॉवर एकच आहे."

सगळी गोम इथेच आहे. आपण टॉवरला कंपनीच्या नावानं ओळखतो, पण पुष्कळदा खांब उभारणारी कंपनी वेगळीच असते. खांब, बॅटऱ्या, जनरेटर तिचे. त्यावर दोन-तीन मोबाइल कंपन्या भाडं भरून आपापले अँटेना लावतात. लाइट लांबली, बॅटऱ्या उतरल्या आणि डिझेल वेळेवर पोचलं नाही, की त्या खांबावरच्या सगळ्या एकदम झोपतात. एकाच कंपनीची दोन सिम घेतली असतील तर बोलायलाच नको. रिचार्ज संपला किंवा दिवसाचा डेटा उडाला, एवढ्यापुरताच त्यांचा उपयोग.

नेट कसं गेलं, हे आधी नीट बघायची सवय लावून घ्या. सिग्नलच्या कांड्याच गेल्या, तर बहुधा टॉवरच बंद पडलेला असतो. कांड्या भरलेल्या आहेत, फोनवर '4जी' दिसतंय आणि तरीही पान उघडत नाही, तर दुखणं बहुतेक टॉवरच्या पलीकडे असतं. टॉवरला मागून फायबरची केबल आलेली असते, ती रस्त्याच्या खोदकामात तुटली की असं होतं. कांड्या फक्त घर ते टॉवर एवढंच सांगतात, पुढचं त्यांना माहीत नसतं. माणसं इथे फसतात आणि तासभर राउटर चालू-बंद करत बसतात.

आता आपली दुसरी वाट खरंच दुसरी आहे का, हे कसं ओळखायचं? बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' असतं. तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायच्या मापात, दिसतो. तो उणे असतो: उणे 85 चांगला, उणे 115 म्हणजे अगदी धुगधुगी. फोन घेऊन प्रत्येक खिडकीत दोन मिनिटं उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. माझ्या राउटरच्या सिमला पोवई नाक्याकडच्या खिडकीत उणे 88 मिळाले आणि मागच्या, अजिंक्यताऱ्याकडच्या खोलीत उणे 112. आण्णांच्या सिमचंही जवळपास तसंच. तिसऱ्या कंपनीचं सिम शेजारच्या वहिनींकडून घेऊन पाहिलं, तर त्याला कोडोलीच्या बाजूची खिडकी मानवली. तेव्हाच मनात म्हटलं, हा टॉवर वेगळा.

पण भिंती, पत्रे आकड्यात गडबड करतात, म्हणून खरा पुरावा वेळेचा. महिनाभर लाइट गेली की कुठलं सिम किती वाजता गेलं, हे मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहीत गेले. पहिली दोन सिम दर वेळी पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं जायची. तिसरं त्या सगळ्या दिवसांत चालू राहिलं. त्याचा वेग कमीच, सहा ते आठ एमबीपीएस. तरीही बॅकअपला मी तेच ठेवलं. आपला मुख्य टॉवर पडलेला असताना जे चालतं, तेच बॅकअपला हवं. इतर दिवशी ते किती पळतं याला महत्त्व नाही. जमत असेल तर मोबाइल नेटला केबलवाल्याच्या फायबरची जोड सगळ्यात उत्तम, कारण तो बहुधा वेगळ्या कारणानं बंद पडतो. आमच्या गल्लीत तो अजून पोचलेला नाही.

हे सिम घरातल्या कुणाच्या रोजच्या फोनमध्ये ठेवू नका. तो माणूस बाजारात गेला की बॅकअपही बाजारात जातो. आमच्याकडे जुना फोन टेबलाच्या खणात चार्ज करून ठेवलेला असतो, हॉटस्पॉटचा पासवर्ड त्याच्या पाठीवर चिकटवलाय. दोन सिमचा राउटर घेणार असाल, तर दुकानात एक सिम काढून दाखवायला सांगा, दुसऱ्यावर तो आपोआप जातो का बघा. पुष्कळ राउटरमध्ये मोडेम, म्हणजे सिमवरून नेट पकडणारा भाग, एकच असतो, त्यामुळे अदलाबदलीला थोडा वेळ जातो. चालू मीटिंग तुटते, फॉर्म भरायला अडचण येत नाही.

राउटरला इन्व्हर्टर किंवा मिनी यूपीएस हवाच, पण तो फक्त घरातली बाजू सांभाळतो. मिनी यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवून घ्या, आणि डब्यावरच्या 8000 एमएएचला भुलू नका. तो आकडा बहुधा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे 30 वॅट-अवरच्या आसपास. 10 वॅट खाणारा राउटर त्यावर तीन तासांच्या आतच थांबणार.

आणि खणातल्या सिमचा रिचार्ज. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरलाच नाही, तर तो बंद होऊ शकतो, आणि नेमकं गरजेच्या दिवशी ते कळतं. म्हणून दर महिन्याच्या 15 तारखेला, 20 तारखेच्या आधी पाच दिवस, मी तो फोन बाहेर काढते, व्हॅलिडिटी बघते, राउटर बंद करून अर्धा तास त्याच्यावरच काम करते आणि चार्जिंगला लावून परत खणात ठेवते.