पेशी (वनस्पती, प्राणी आणि जिवाणू)

सजीवाचा जो सर्वांत लहान भाग स्वतःच्या बळावर अन्न घेतो, ऊर्जा मिळवतो, नकोसे बाहेर टाकतो आणि आपल्यासारखा दुसरा घडवतो, त्याला पेशी म्हणतात. जुन्या मराठी ग्रंथांत तिला कोशिका म्हटलेले आढळते. शाळेच्या पुस्तकांत पेशी हाच शब्द रुळला आहे. विदर्भातल्या कोणत्याही वावरात उभी पऱ्हाटी (कापसाचे झाड), तिच्या बोंडात शिरलेली अळी आणि मुळाशी मातीत राहणारे जिवाणू या तिन्हींचा कारभार पेशीवरच चालतो, पण तिघांच्या पेशींची बांधणी वेगळी असते. शाळेत या फरकांचा तक्ता पाठ करून घेतात. त्यातली पहिली ओळ, म्हणजे बाहेरचे आवरण, नीट उमगली तर वावरातल्या आणि दवाखान्यातल्या बऱ्याच गोष्टींची कारणे तिथेच सापडतात.

आकार आणि शोध

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे 1 मायक्रॉन. बहुतेक वनस्पतिपेशी 10 ते 100 मायक्रॉनच्या, प्राणिपेशी 10 ते 30 च्या आणि जिवाणू 0.5 ते 5 मायक्रॉनचे असतात. नुसत्या डोळ्याला 100 मायक्रॉनच्या खालचे सहसा दिसत नाही. रॉबर्ट हूक याने 1665 मध्ये बुचाच्या कापात खोल्यांसारखे कप्पे पाहिले. त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. केंद्रकाला नाव दिले रॉबर्ट ब्राउनने, 1831 मध्ये. श्लायडेन (1838) आणि श्वान (1839) यांनी वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले असतात हे मांडले, आणि नवी पेशी जुन्या पेशीपासूनच येते हे फिरखोचे 1855 मधले म्हणणे आजही कायम आहे.

आवरण आणि पाणी

तिन्ही प्रकारच्या पेशींना प्रद्रव्यपटल असते. स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचे आणि त्यात रुतलेल्या प्रथिनांचे हे पटल जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाड असते. पाणी त्यातून ये-जा करते; मीठ, साखर यांना मात्र प्रथिनांच्या दारातूनच जावे लागते. त्यामुळे ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूला पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ लावले की तासाभरात पाणी सुटते ते याचमुळे, आणि तेच मीठ लोणच्यात पडलेल्या बहुतेक जिवाणूंनाही सुकवून टाकते.

वनस्पतिपेशीला पटलाबाहेर सेल्युलोजची भित्तिका असते. आत मोठी रिक्तिका पाण्याने भरून पटलाला भिंतीवर दाबून धरते. पक्व पेशीचा 80 ते 90 टक्के भाग ही रिक्तिकाच व्यापते. लाकूड नसलेला कोवळा शेंडा ताठ उभा राहतो तो या दाबावर. दुपारी माना टाकलेली पऱ्हाटी रात्रीतून सावरते, कारण भिंती शाबूत असतात, फक्त आतला दाब उतरलेला असतो. पटल भिंतीपासून सुटून आत गोळा होते तेव्हा त्याला रससंकोच म्हणतात, आणि तो फार वेळ राहिला तर पाणी देऊनही पेशी परतत नाही. युरियाची मूठ खोडालगत पडली की रोप जळते ते असेच: मुळाबाहेरचे पाणी आतल्यापेक्षा जास्त खारे होते आणि मूळच पाणी गमावते. फवारणीला 2 टक्के युरिया, म्हणजे 10 लिटरला 200 ग्रॅम, पानांना सोसतो. अंदाजाने डबे ओतून भर उन्हात फवारले तर पानांच्या कडा करपतात.

प्राणिपेशीला भिंत नसते. म्हणून ती आकार बदलू शकते, स्नायू आखडतो, पांढरी पेशी जंतूला वेढून गिळते. पण साध्या पाण्यात टाकली तर ती फुगून फुटते. सलाइनच्या बाटलीत 0.9 टक्के मीठ असते ते तांबड्या पेशी ना फुगाव्यात ना सुकाव्यात म्हणून.

आतले अवयव

केंद्रकात गुणसूत्रे असतात: माणसात 46, कांद्यात 16, अमेरिकन कापसात 52, देशी कापसात 26. जास्त गुणसूत्रे म्हणजे जास्त प्रगत जीव असे नाही, हे या आकड्यांवरूनच दिसते. रायबोझोम प्रथिने जोडतात, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल ती घडवून पोचवतात, लयकारिका जुने भाग पचवतात. तंतुकणिका अन्नातून ऊर्जा काढतात. वनस्पतीला उजेडात अन्न बनवणारी हरितलवके असली तरी तंतुकणिका लागतातच, कारण रात्रीही पेशीचे काम थांबत नाही. तंतुकणिका आणि हरितलवके यांच्याजवळ स्वतःचा डीएनए आणि जिवाणूंसारखे रायबोझोम असतात. फार पूर्वी मोठ्या पेशीत शिरलेले जिवाणूच तिथे कायमचे राहिले, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये जोरकसपणे मांडला आणि तो आता मान्य आहे.

जिवाणूत केंद्रक नाही. गोल डीएनए पेशीद्रवातच असतो आणि सोबत प्लाझ्मिड नावाची लहान कडी असू शकते. एवढ्या साध्या बांधणीमुळे सोयीच्या परिस्थितीत ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो.

एका पेशीचा धागा

पेशी डोळ्यांना दिसत नाही हे वाक्य कापूसपट्ट्यात तरी जपून म्हणावे. रुईचा प्रत्येक धागा ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. लांबी 25 ते 30 मिलिमीटर, जाडी 15 ते 20 मायक्रॉन. रुंदीच्या हजारपट लांब. फूल उमलते त्याच दिवशी सालीवरच्या काही पेशी फुगवटा धरतात आणि पुढचे सुमारे तीन आठवडे लांब होत जातात. ही वाढ रिक्तिकेतल्या पाण्याच्या दाबाने होते आणि तो दाब राखायला पोटॅश लागते. लांबी संपत आली की भिंतीच्या आतून सेल्युलोजचे थर बसू लागतात. हे काम फुलोऱ्यापासून साधारण 45 दिवसांपर्यंत चालते. बोंड उकलले की पेशी मरते, पाणी उडते, पोकळ नळी चपटी होऊन पिळा घेते. सूत कातताना धागे एकमेकांना धरतात ते या पिळांमुळे. उरलेल्या भिंतीत 90 टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असते.

यावरून कोरडवाहू कापसातल्या तक्रारी उलगडतात. लांबी वाढताना पाण्याचा ताण पडला तर धागा आखूड राहतो. पाऊस लवकर थांबून ऑक्टोबरात हलकी जमीन सुकली, तर लांबी पुरेशी असूनही भिंत पातळ राहते. असा अपक्व धागा नीट पिळा घेत नाही, जिनिंगमध्ये त्याच्या गाठी होतात आणि कापडावर रंग न चढलेले ठिपके दिसतात. बाजारात याचे माप मायक्रोनेअरने, म्हणजे धाग्याची बारीकी आणि पक्वता मिळून दाखवणाऱ्या आकड्याने, घेतात; 3.5 ते 4.9 चांगला मानतात. त्याहून कमी मायक्रोनेअर बहुधा पातळ भिंतीचे लक्षण असते, पण वाणच बारीक धाग्याचा असेल तरीही आकडा खाली येतो. म्हणून एकट्या आकड्यावरून कास्तकाराचा माल कच्चा ठरवणे बरोबर नाही.

तांबडी पेशी आणि सिकलसेल

माणसाची तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची, दोन्ही बाजूंनी खोलगट असते. तिच्यात केंद्रक नसते. सगळी जागा हिमोग्लोबिनला दिलेली. ती सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याने ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, हाडे-सांधे ठणकतात, आणि ती 10 ते 20 दिवसांतच फुटत असल्याने रक्त कमी राहते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, यवतमाळ आणि मेळघाट या भागांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. देशपातळीवरचे सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले.

पाण्याचा मुद्दा इथेही येतो. शरीरातले पाणी कमी झाले की तांबडी पेशीही सुकते, आतले हिमोग्लोबिन दाट होते आणि दांडे लवकर बनतात. ऐन वैशाखात मजुरीला जाणाऱ्या रुग्णाला वरचेवर पाणी प्यायला सांगतात ते यासाठी.

गावातल्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे, पण ती वाहक (दोषी जनुक एकाच पालकाकडून आलेला, स्वतः आजारी नसलेला) आणि रुग्ण यांत फरक करत नाही. नळीतले द्रावण गढूळ झाले तर पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावीच लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असल्याने ही चाचणी चुकीने ‘आजार नाही’ असे दाखवू शकते. दोघे वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के. ‘पहिले पोर आजारी निघाले, आता पुढची तीन ठीक’ असा हिशेब गावोगाव ऐकू येतो. तो चुकीचा आहे. दर वेळी शक्यता तीच राहते.

जिवाणूची भिंत आणि औषधे

जिवाणूच्या भिंतीत सेल्युलोज नसून पेप्टिडोग्लायकन असते. पेनिसिलिन नेमकी हीच भिंत बांधू देत नाही. वाढता जिवाणू आतल्या दाबाने फुटतो, आणि माणसाच्या पेशीला भिंतच नसल्याने ती वाचते. विषाणूला ना भिंत ना पेशी, म्हणून सर्दीवर ही गोळी व्यर्थ. स्क्रब टायफसचा जिवाणू माणसाच्या पेशीच्या आत राहतो आणि त्याच्या भिंतीत हे द्रव्य फारच थोडे असते. 2018 च्या पावसाळ्यात पूर्व विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले. त्याला पेनिसिलिन चालत नाही. पेशीत शिरून जिवाणूच्या रायबोझोमला अडवणारे डॉक्सिसायक्लिन चालते. गवतातल्या बारीक किड्याने चावल्याच्या जागी काळी खपली दिसली तर ती डॉक्टरला दाखवायला विसरू नये.

लोणारच्या सरोवराचे पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले ते खाऱ्या पाण्यातल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. त्यांनाही केंद्रक नसते, पण भिंतीत पेप्टिडोग्लायकनही नसते; त्यांना जिवाणू म्हणणे चूक आहे.

पेशीत पेशी: मुळावरच्या गाठी

सोयाबीनच्या केसमुळातून ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू आत शिरतो आणि गाठीतल्या पेशींत वनस्पतीच्याच पटलात गुंडाळून राहतो. हवेतला नत्र बांधणाऱ्या त्याच्या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून लेगहिमोग्लोबिन हे आपल्या रक्तातल्यासारखे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवते. गाठ नखाने चिरली आणि आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पेरणीनंतर 40-45 दिवसांनी पाहावे, आणि रोप ओढू नये, फावड्याने मातीसकट काढावे. ओढल्यावर गाठी मातीतच तुटून राहतात आणि माणूस म्हणतो की कल्चर (बियाण्याला लावलेले जिवाणूंचे खत) वाया गेले.

बीजप्रक्रियेला 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम कल्चर गुळाच्या थंड पाण्यात कालवून लावतात. बुरशीनाशक आधी, ते सुकल्यावर कल्चर. दोन्ही एकत्र केले तर जिवाणू मरतात. सोयाबीनची साल पातळ असल्याने हाताने रगडू नये. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. हरभऱ्याचे कल्चर सोयाबीनला चालत नाही, आणि नत्राची खते भरपूर दिली तर झाड गाठी धरतच नाही.

बीटी: तीन पेशींची गाठ

बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) हा मातीतला जिवाणू बीजाणू धरताना प्रथिनाचा स्फटिक बनवतो. त्याचे जनुक कापसाच्या केंद्रकात घातले तर कापसाचे रायबोझोम तेच प्रथिन जोडतात, कारण जनुकाची लिपी तिन्हीकडे एकच आहे. अळीच्या आतड्यात ते पेशींच्या पटलावरच्या ठरावीक ग्राहकाला (प्रथिन चिकटण्याच्या जागेला) चिकटून छिद्रे पाडते, पाणी आत घुसते आणि पेशी फुटतात. माणसाच्या आतड्यात तो ग्राहक नाही. भारतात बीटी कापूस 2002 मध्ये आला, दोन जनुकांचा 2006 मध्ये. गुलाबी बोंडअळीत पुढे ग्राहकच बदलले, प्रथिन चिकटेनासे झाले. 2017 च्या हंगामातले नुकसान त्यानंतरचे. फरदड (हंगामानंतरही उभे ठेवलेले कापसाचे पीक) ठेवल्याने अळीच्या पिढ्या वाढत गेल्या ही भर वेगळी.

पाहण्याची रीत

कांद्याच्या मांसल पापुद्र्याची आतली, खोलगट बाजूची साल चिमट्याने काढून लगेच पाण्यात टाकावी. हवेत ठेवली तर गुंडाळते. पाच मिलिमीटरचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा. टिंक्चर आयोडीन पाचपट पाण्यात पातळ करून त्याचा एक थेंब द्यावा, मिनिटभराने आच्छादन काच तिरकी धरून हळू टेकवावी. आधी 10 च्या भिंगाने पाहावे, मग 45 च्या. 45 वर फक्त बारीक स्क्रू फिरवावा, मोठ्याने काच फुटते. आरसा उजेडाकडे करावा, सूर्याकडे कधीच नाही. काळ्या जाड कडेचे गोल वर्तुळ म्हणजे हवेचा बुडबुडा. विद्यार्थ्यांच्या वह्यांत तोच पेशी म्हणून काढलेला असतो. या सालीत हरितलवके दिसणार नाहीत, कांदा जमिनीखाली वाढतो.

रससंकोच पाहायचा असेल तर लाल कांद्याच्या मांसल पापुद्र्याची बाहेरची जांभळी साल घ्यावी आणि आयोडीन लावू नये, त्याने पेशी मरतात. एका कडेला 5 ते 10 टक्के मिठाचे पाणी सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढले की काही मिनिटांत रंगीत पिशवी भिंतीपासून सुटते. साधे पाणी दिल्यावर परत भरते. दह्यातल्या जिवाणूंसाठी वरचे पाणी घ्यावे, घट्ट दही घेतल्यास रंग प्रथिनांच्या गोळ्यांनाच लागतो. पातळ लेप सुकवून काच दिव्याच्या ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवावी, क्रिस्टल व्हायोलेट मिनिटभर ठेवून धुवावे. 450 पटीवर जांभळे ठिपके आणि काड्या दिसतात. त्यांची ठेवण स्पष्ट हवी तर तेलाचे 100 चे भिंग लागते. शाळेत ते नसेल तर रुईचे चार धागे पाण्याच्या थेंबात ठेवावेत: रंग नको, पिळलेल्या फिती लगेच दिसतात, आणि ज्या फितीला पिळाच नाही ती कच्ची.