अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा

उत्तर अमेरिकेतील १३ ब्रिटिश वसाहतींनी ब्रिटनच्या राजसत्तेशी असलेला संबंध तोडून आपण स्वतंत्र राज्ये झाल्याची केलेली घोषणा. फिलाडेल्फिया येथे भरलेल्या दुसऱ्या काँटिनेंटल काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) तिचा मजकूर ४ जुलै १७७६ रोजी संमत केला. मसुदा मुख्यतः टॉमस जेफर्सनचा होता. बेंजामिन फ्रँक्लिन, जॉन अ‍ॅडम्स, रॉजर शर्मन व रॉबर्ट लिव्हिंग्स्टन हे समितीतील इतर सभासद.

फ्रान्सविरुद्धचे सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले, तेव्हा ब्रिटनवर कर्जाचा मोठा बोजा होता. त्यातला काही भार वसाहतींवर टाकण्यासाठी मुद्रांक कायदा (१७६५) व आयात मालावरील टाउनशेंड कर (१७६७) आले. आमचे प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नसताना तिने आमच्यावर कर लादू नये, ही वसाहतींची भूमिका होती. १७७३ च्या चहा कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्तच होणार होता. तरीही १६ डिसेंबर रोजी बॉस्टन बंदरात ३४२ पेट्या समुद्रात फेकण्यात आल्या, कारण तक्रार किमतीची नसून कर बसवण्याच्या हक्काची होती. (हा चहा चीनमधला, हिंदुस्थानातील चहाचे मळे पुढच्या शतकातले.) एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन व काँकर्ड येथे चकमकी झाल्या. त्यानंतरही काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज धाडला होता. तिसऱ्या जॉर्जने ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर ठरवल्यावर मात्र तडजोडवाद्यांची बाजू लंगडी पडली.

जाहीरनाम्याच्या तारखेबद्दल बराच वाद आहे. संबंध तोडण्याचा व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री ली याचा ठराव ७ जून रोजी मांडला गेला आणि २ जुलैला १२ वसाहतींच्या मतांनी संमत झाला. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींना घरून अधिकार नसल्याने ते तटस्थ राहिले. डेलावेअरच्या हजर दोन प्रतिनिधींची मते परस्परविरुद्ध होती. तिसरा, सीझर रॉडनी, रातोरात घोडा दौडवत आला म्हणून त्या वसाहतीचे मत ठरावाच्या बाजूने पडले. कायद्याच्या दृष्टीने स्वातंत्र्य याच दिवशी झाले, असे म्हणणे सयुक्तिक वाटते. अ‍ॅडम्सनेही दुसऱ्या दिवशी पत्नीला लिहिताना २ जुलै हाच उत्सवाचा दिवस मानला होता.

चार तारखेला मंजूर झाले ते शब्द. त्या रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात निघालेल्या पत्रकावर फक्त काँग्रेसचा अध्यक्ष जॉन हँकॉक व सचिव चार्ल्स टॉम्सन यांची नावे छापलेली आहेत. सर्व सभासदांनी त्याच दिवशी सह्या केल्या, असे जेफर्सन व अ‍ॅडम्स उतारवयात सांगत. काँग्रेसच्या छापील इतिवृत्तातही नावे ४ जुलैखाली आल्याने या समजुतीला बळ मिळाले. सही करणाऱ्यांपैकीच टॉमस मॅककीन याने तिला हरकत घेतली होती. न्यूयॉर्कची संमती ९ जुलैला मिळाली. त्यानंतर १९ जुलैला काँग्रेसने जाहीरनामा १३ राज्यांचा ‘एकमुखी’ म्हणून चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरांत उतरवण्याचा हुकूम दिला. हे अक्षर बहुधा टिमथी मॅटलॅक याचे असावे. २ ऑगस्ट रोजी त्यावर सह्या झाल्याची नोंद मूळ इतिवृत्तात आहे. ४ जुलैलाही काहींनी दुसऱ्या एखाद्या प्रतीवर सह्या केल्या असाव्यात, असे मत अधूनमधून मांडले जाते. परंतु अशी प्रत उपलब्ध नाही. शिवाय एकूण ५६ स्वाक्षरीकर्त्यांपैकी बेंजामिन रश याच्यासह पेनसिल्व्हेनियाचे पाच जण २० जुलैला निवडून आले आणि न्यू हॅम्पशरचा मॅथ्यू थॉर्नटन तर नोव्हेंबरमध्ये काँग्रेसमध्ये दाखल झाला. त्यामुळे बहुतेक अभ्यासक २ ऑगस्ट ही तारीख धरतात. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधील जॉन ट्रंबुलचे प्रसिद्ध चित्र सह्यांचे समजले जाते. त्यात दिसते ते समितीने मसुदा सादर केल्याचे दृश्य.

मजकुरातील आरोप राजावर आहेत, पार्लमेंटचे नाव थेट घेतलेले नाही. पार्लमेंटची सत्ता वसाहतींनी मान्यच केली नव्हती, तेव्हा तोडायचा होता तो राजाशी असलेला धागा. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा जेफर्सनचा परिच्छेद काँग्रेसने गाळला; साउथ कॅरोलायना व जॉर्जिया यांच्या भिडेखातर तो गेला, असे जेफर्सनने नोंदवले आहे. तो स्वतःही गुलामांचा मालक होता.

जाहीरनाम्याने एक राष्ट्र निर्माण झाले की १३, हा प्रश्न विवाद्य आहे. युद्ध, तह व व्यापार करण्याचा अधिकार त्यात ‘स्वतंत्र राज्यां’ना दिलेला आहे. १७८१ पासून अमलात आलेल्या संघलेखातही (राज्यांना जोडणाऱ्या पहिल्या करारातही) मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. एकसंध शासन १७८७ च्या संविधानाने आले आणि जॉर्ज वॉशिंग्टनने ३० एप्रिल १७८९ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली.

फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ मध्ये उघड मैत्रीचा तह केल्याने युद्धाचे पारडे फिरले. ब्रिटनने ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहाने स्वातंत्र्य मान्य केले. हीच वर्षे पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाची. १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन हा फ्रेंच वकील पुण्यात आल्याने मराठे फ्रेंचांशी हातमिळवणी करतील हा इंग्रजांचा संशय बळावला होता. यॉर्कटाउन येथे १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने शरणागती पत्करली, तो लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्यास आला. टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे त्याच्या बाजूने लढले.

डनलॅपच्या पत्रकाच्या २६ प्रती ज्ञात आहेत. सह्यांचे चर्मपत्र १९५२ पासून वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यावरील शाई फिकट झालेली असल्याने पुस्तकांतून सहसा छापली जाते ती विल्यम स्टोन याने १८२३ मध्ये पूर्ण केलेल्या, छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या नकलेची प्रत.