घरात दारूचा परवाना आणि बंदुकीचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि खरी अडचण कुठे येते

सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांच्या घरी गेलं की बऱ्याचदा एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन कागद सापडतात. एक बाराबोअर बंदुकीचा परवाना, बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी करताना काढलेला. दुसरा दारू पिण्याचा परवाना. नवीन अर्जदार, विशेषतः शेतावर एकटं घर असलेले, माझ्याकडे फॉर्म भरायला बसले की अर्ध्या तासाने आवाज खाली आणून एक प्रश्न हमखास विचारतात: "संध्याकाळी थोडी घेतो. बंदूक मिळेल का? डॉक्टरला सांगू का नको?"

सांगा. खोटं बोलू नका. ते का, हे कळायला आधी दोन्ही कायदे नेमकं काय विचारतात ते पाहू.

आधी दारूचा कागद

महाराष्ट्रात घरी बसून विदेशी मद्य प्यायचं किंवा बाळगायचं तरी १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. दुकानात बिलाबरोबर मिळणारा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, वर्षाचा शंभर रुपयांचा आणि आजीवन हजार रुपयांचा. बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी २५. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज होतो. फोटो, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, संपलं. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत मात्र चित्र वेगळं आहे. आणि गोव्यातून येताना गाडीत टाकलेल्या बाटल्या इथल्या परवान्यात बसतात, असं समजू नका.

हा कागद इथे का काढला? कारण बंदुकीच्या अर्जाआधी घर कायद्याच्या बाजूने साफ असावं. चौकशीला आलेल्या हवालदाराला कपाटात आठ-दहा बाटल्या दिसल्या आणि परवाना नसला, तर स्वतःच्या हाताने गुन्ह्याचं कारण दिल्यासारखं होतं. परवाना असणं म्हणजे माणूस दारुडा, असा अर्थ कुठल्याही कायद्यात नाही. आजीवन परवाना आहे म्हणून शस्त्र परवाना नाकारतील, या भीतीने तो लपवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याची गरज नाही.

वयाचा एक घोळ लक्षात ठेवा. शस्त्र परवान्यासाठी किमान वय २१ आहे. म्हणजे २३ वर्षांच्या मुलाला बंदूक कायदेशीर मिळू शकते, पण घरातली रम तो कायदेशीर पिऊ शकत नाही.

बंदुकीसाठी पात्र कोण

१९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम, या दोन्हींवर सगळं चालतं. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी म्हणून देतात, कामकाज बहुधा गृह शाखेत चालतं. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या आयुक्तालयांत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. सामान्य माणसाला बिगर-प्रतिबंधित बोअरचंच (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) शस्त्र मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं राहू शकतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे.

कलम ९ प्रमाणे हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, शिक्षा संपल्यावर पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. आणि ज्याच्यावर शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी बंधपत्र घेतलं आहे, त्याला त्या बंधपत्राच्या मुदतीत शस्त्र नाही. आपल्याकडे याला चॅप्टर केस म्हणतात. लोक ती किरकोळ समजतात. बांधावरून भांडण झालं, दोघंही प्यायलेले होते, पोलिसांनी दोघांवर चॅप्टर केस केली, तहसीलमध्ये जाऊन बंधपत्र दिलं आणि विसरून गेले. शस्त्र परवान्याच्या अर्जात नेमका हाच कागद वर येतो.

कलम १४ खाली मनोविकल माणसाला, किंवा अधिनियमानुसार कुठल्याही कारणाने अयोग्य असलेल्या माणसाला परवाना नाकारता येतो. 'अयोग्य' हा शब्द मोठा आहे आणि दारूचा विषय बहुतेक वेळा त्यातच येतो. उलट पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. सात-बारा छोटा म्हणून कुणी परत पाठवत असेल तर हे नम्रपणे दाखवून द्या.

शस्त्र कोणतं मागता यावरही बरंच अवलंबून आहे. स्वसंरक्षणासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची साधी बंदूक, किंवा खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक असेल, तर कायदा अर्जदाराच्या बाजूला झुकलेला आहे. कोकणात रानडुक्कर आणि माकडांमुळे ठासणीच्या बंदुका वाडीवाडीत आहेत, त्या या तरतुदीवर. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर मागितलं की 'सबळ कारण' दाखवावं लागतं: धमकीची तक्रार, रोकड ने-आण करण्याचा धंदा, अशा गोष्टी कागदावर. "आजकाल दिवस बरे नाहीत" हे कारण कुणी मान्य करत नाही.

कागदपत्रं

अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, केंद्राच्या एनडाल-अलिस या पोर्टलवर भरायचा. त्यावरून युनिक आयडेंटिफिकेशन नंबर मिळतो, तो परवान्यावर कायम राहतो. सोबत लागतात: पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, कारणाचे कागद (धमकीच्या तक्रारीची प्रत, धंद्याची नोंदणी, पीक संरक्षणासाठी सात-बारा आणि नुकसानीचे पंचनामे), शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि वैद्यकीय दाखला.

यातले शेवटचे दोन कागद आपल्या विषयाचे.

वैद्यकीय दाखला

हा दाखला फक्त 'तब्येत ठणठणीत' म्हणणारा चालत नाही. अर्जदाराचं मानसिक आणि शारीरिक आरोग्य ठीक आहे, आणि तो मादक किंवा अंमली पदार्थांवर अवलंबून नाही, असा स्पष्ट उल्लेख त्यात लागतो. नीट वाचा: 'अवलंबून नाही.' 'पीत नाही' असं लिहिलेलं नाही. सणासुदीला दोन पेग घेणारा माणूस या ओळीत अडकत नाही. सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते, तो अडकतो, आणि अडकायलाच हवा.

काही कार्यालयं सरकारी रुग्णालयाचाच दाखला मागतात, म्हणून आधी चौकशी करा. डॉक्टर सहसा सरळ प्रश्न विचारतात. कमी करावी असं कधी वाटलं का, घरचे बोलले की राग येतो का, प्यायल्याबद्दल मनाला टोचतं का, सकाळी डोळे उघडताच लागते का. मग दोन्ही हात पुढे करायला सांगतात, बोटं फाकवून. थरथर तिथेच दिसते. गरज वाटली तर यकृताची रक्ततपासणी.

मागे माझ्याकडे आलेल्या एका अर्जदाराने तपासणीच्या चार दिवस आधी दारू एकदम बंद केली, 'रक्त स्वच्छ यावं' म्हणून. वर्षानुवर्षं रोज घेणारा माणूस. तपासणीला गेला तेव्हा कपाळावर घाम आणि हातात पेन धरवेना. डॉक्टरांनी दाखला दिला नाहीच, त्याला दाखल करून घेतलं. रोजची सवय असलेल्याने अशी अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं असतं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करतं आहे, जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत. आधी ते उपचार पूर्ण करा, स्थिर व्हा, मग अर्ज करा. अर्ज कुठे पळून जात नाही.

आणि डॉक्टरपासून लपवू नका म्हटलं त्याचं कारण हे: कलम १७ खाली अर्जात महत्त्वाची माहिती लपवून किंवा खोटी देऊन घेतलेला परवाना रद्द करता येतो. पाच वर्षांनी भांडणाचा एक गुन्हा दाखल झाला आणि जुन्या केसपेपरवर दारूच्या उपचाराची नोंद निघाली, तर शस्त्रही जातं आणि पुढच्या अर्जाची दारंही बंद होतात.

कपाट आणि किल्ली

हमीपत्र लोक न वाचता सही करतात. बंदूक कुलुपात, लहान मुलांच्या आणि इतरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवीन, असं तुम्ही त्यात लिहून देता. ती जागा कार्यालय तपासूही शकतं. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि परवाना रद्द होतो तो वेगळाच.

मी प्रत्येकाला एकच व्यवस्था सांगतो. लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने बसवा. बंदूक रिकामी करून, उघडून ठेवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलुपात. बाटली ज्या कपाटात, त्या कपाटात यातलं काहीच नको. आणि ज्या संध्याकाळी ग्लास बाहेर निघेल, त्या संध्याकाळी किल्ली तुमच्या हाताशी नको. खिशात नको, उशाखाली नको. किल्लीच कुलुपात टाका आणि सकाळी काढा. बायकोकडे किंवा मुलाकडे देऊन मोकळं होणं कायद्याच्या दृष्टीने बरं नाही. परवाना तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यांच्या ताब्यात शस्त्र गेलं तर प्रश्न त्यांना विचारले जातील.

लोक म्हणतात, "मग रात्री चोर आला तर?" हा प्रश्न खरा आहे, टोलवण्यासारखा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि प्यायलेल्या माणसाचा तो हक्क संपत नाही. पण हक्क तितकाच, जितकी इजा टाळायला गरज आहे. अंधारात दारापाशी कोण उभं आहे, शेजारचा पोरगा की दरोडेखोर, हे ओळखायला लागणारं डोकं तीन पेगनंतर तसं राहत नाही. चूक झाली तर "मी नशेत होतो" हा बचाव चालत नाही. स्वतःहून घेतलेली नशा असेल, तर शुद्धीवरच्या माणसाला जी जाण असते ती तुम्हाला होती असंच धरलं जातं. ज्या घरात रात्रीची भीती खरी आहे, तिथे दाराची कडी, अंगणातला दिवा, कुत्रा आणि ११२ क्रमांक हे आधी.

हळदीच्या रात्री हवेत बार काढणं आता स्वतंत्र गुन्हा आहे. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहुतेक वेळा त्या बारामागे दारू असते, हे मांडवात उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे.

पोलीस चौकशी

अर्ज ठाण्यात येतो, बीट अंमलदार, म्हणजे तुमचा भाग नेमून दिलेला पोलीस, घरी येतो. शेजाऱ्यांना विचारतात, घरच्यांचे जबाब घेतात. ठाण्यात तुमच्या नावावर जुन्या एनसी (अदखलपात्र तक्रारी) आहेत का, पत्नीची तक्रार आहे का, पिऊन गोंधळ घातल्याचा दारूबंदी कायद्याच्या कलम ८५ चा खटला आहे का, ते बघतात. अहवाल तीस दिवसांत आणि त्यानंतर साठ दिवसांत निर्णय, असं नियम सांगतात. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो. दर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा.

इथे घरातल्या बाईचा शब्द निर्णायक असतो, आणि तो असायलाच हवा. मी अर्ज भरताना शक्य असेल तर पत्नीलाही बसवून घेतो. ती गप्प बसून पदर चाळवत राहिली, की मी फॉर्म बाजूला ठेवतो.

नकार, वारस आणि जमा करणं

नाकारला तर कारणं लेखी मागा. सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर ती द्यावी लागतात. अपील तीस दिवसांत: जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्याच्या गृह विभागाकडे. 'व्यसन' हे कारण असेल, तर अपिलाबरोबर मानसोपचारतज्ज्ञाचा ताजा दाखला जोडा. नुसती "मी पीत नाही" अशी शपथ कमी पडते.

वडिलांची बंदूक मुलाच्या नावे करायची असेल, तर वडील सत्तर वर्षांचे झाल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगल्यावर हयातीतच करता येते, निधनानंतर वारस म्हणून करता येतेच. मुलाला मात्र स्वतःची पात्रता, दाखला, चौकशी सगळं नव्याने. वडिलांची शिस्त कागदावर वारशाने येत नाही.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस येते ती आपल्याला ठाऊक आहे. पण घरात वाईट दिवस असतील, कुणी मनाने खचलं असेल, दारू वाढली असेल, तर नोटिशीची वाट पाहू नका. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात शस्त्र आणि काडतुसं स्वतःहून जमा करा. जाताना बंदूक रिकामी, आवरणात, मूळ परवाना सोबत. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची मोजून घेतलेली संख्या, तारीख आणि शिक्का आहे का, हे काउंटरवरून हलण्याआधी स्वतः वाचून बघा.