स्पून हेलकावतो, स्पिनर फिरतो

स्पून आणि स्पिनर ही मासे गळाला लावायची धातूची आमिषं. घरी ठोकलेला पितळी पत्रा पाण्यात गरगर फिरताना दाखवायचा आणि वर म्हणायचं, "घरचा स्पून, एक नंबर फिरतो!" भाऊ, फिरतोय म्हणजेच तो बिघडलाय. फिरणं हे स्पिनरचं काम.

स्पिनर बहुतेकांच्या डबीत असतोच, म्हणून थोडक्यात. ताठ तार, तिच्यावर कडीने अडकवलेलं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं पातं, खाली मणी, मग वजनाचं पितळी अंग आणि शेवटी तिकडी, म्हणजे तीन टोकांचा, गळ. पातं तारेभोवती फिरतं. अंग आणि गळ फिरत नाहीत. तार वाकली तर सगळंच फिरायला लागतं. एवढं सांभाळलं की झालं.

स्पूनमध्ये फिरणारा भागच नाही. एकच वाकवलेला पत्रा, पुढच्या भोकात रिंग आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), मागच्या भोकात रिंग आणि गळ. पाणी त्याच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने सुटतं, त्यामुळे शेपटाला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून धक्का बसतो. हा धक्का बेताचा असेल तर पत्रा कलतो, थांबतो, परत फिरून दुसऱ्या बाजूला कलतो. जास्त झाला तर कलता कलता पूर्ण उलटतो आणि मग उलटतच राहतो. प्रत्येक उलटीबरोबर तंगुसाला एक पीळ. दहा-वीस फेकींत रिळावरून सैल वेढे सुटतात आणि गुंता होतो. दोष मात्र रिळाला दिला जातो!

ट्राउट (थंड पाण्यातला मासा) आणि स्टीलहेडच्या गळवाल्यांना हा फरक चांगला कळतो. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउटच. तो उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याच्या नद्यांतला. थंड पाण्यात तो फार धावत नाही. म्हणून स्पून प्रवाहाला आडवा फेकतात, तळाच्या जरा वर ठेवतात आणि प्रवाहालाच तो कमानीत वाहून नेऊ देतात. रीळ जवळजवळ फिरवतच नाहीत. इतक्या संथ चालीत स्पिनरचं पातं थबकू शकतं; नीट बनवलेला स्पून मात्र ठक-ठक हेलकावत राहतो आणि छडीच्या टोकाला ते जाणवतं. आपल्या तापी-गिरणेत ट्राउट नाही, पाणी तेवढं गार नाही. पण मरळ आणि शिवड्यासाठीही स्पूनची चाल हीच हवी.

आता माप. 6 सेंटीमीटर लांब, सर्वांत रुंद जागी 2.2 सेंटीमीटर, थेंबाच्या आकाराचा, रुंद भाग शेपटाकडे. 1.5 मिलिमीटर जाडीच्या पितळेत तो साधारण 12 ग्रॅम भरतो आणि 1 मिलिमीटरमध्ये 8. स्टीलहेडला 11 ते 20 ग्रॅम वापरतात, लहान ट्राउटला 3 ते 7. मोडीच्या दुकानातली जुनी परात किंवा ताट उत्तम. कलई खरवडून काढा. जर्मनचा (अ‍ॅल्युमिनियमचा) पत्रा घेऊ नका. तो पितळेच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही जड नसतो, त्यामुळे लांब जात नाही आणि वरवर तरंगल्यासारखा येतो.

भोकं पत्रा सपाट असतानाच पाडा. 2.5 मिलिमीटरचं ड्रिल, भोकाचा मध्य कडेपासून 3 ते 4 मिलिमीटर आत, आणि दोन्ही भोकं बरोबर मधल्या रेषेवर. पुढचं भोक अर्धा मिलिमीटर बाजूला गेलं तरी स्पून एकीकडे ओढतो. पत्रा हातात धरून ड्रिल मारू नका. आरपार जाताना ड्रिल पितळेत अडकतं आणि पत्रा पात्यासारखा गरकन फिरून बोटं कापतो. शिकंज्यात आवळा.

मग पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवा. उघड्यावरच, कारण जास्त तापलं की जस्ताचा धूर निघतो. गार झाल्यावर बाभळीच्या ओंडक्यात कोरलेल्या खळग्यात गोल तोंडाच्या हातोडीने ठोका. ठोकून पितळ कडक होतं. हातोडी उसळायला लागली की पुन्हा तापवा, नाहीतर कडेला चीर जाते.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. सगळा पत्रा वाटीसारखा सारखाच खोल केला की तो फिरणारच. खोली शेपटाकडच्या अर्ध्या भागातच हवी, 4 मिलिमीटरच्या आसपास. पुढचा तिसरा हिस्सा जवळजवळ सपाट ठेवून उलट्या दिशेला किंचित वाकवा. बाजूने पाहिलं तर अंगाला हलकी नागमोड दिसली पाहिजे. ही उलटी वाकणच पत्र्याला पूर्ण उलटण्याआधी परत आणते.

तपासणी बादलीत होत नाही, वाहतं पाणी लागतं. शेतातल्या पाटचारीत गुडघाभर पाणी सुटलेलं असलं की पुरे. एक बाजू मार्करने लाल करा, वावभर तंगुसावर स्पून प्रवाहात धरा. लाल बाजू नुसती कलताना दिसली तर ठीक. लाल-पिवळं, लाल-पिवळं असं एका लयीत आलं तर फिरतोय. खात्री नसेल तर स्पून बाहेर काढून तंगूस सैल सोडा. तो स्वतःभोवती वळला तर उत्तर मिळालं. जोराच्या धारेत मधूनच एखादी कोलांटी मारली तर चालतं.

फिरत असेल तर आधी शेपटाची खोली थोडी सपाट करा, मग पुढची वाकण वाढवा. अजिबात हलत नसेल तर खोली कमी आहे किंवा गळ जड आहे.

स्विव्हल (तंगुसात लावायचा फिरता जोड) लावणं हा यावरचा उपाय नव्हे. पीळ थोडा कमी होईल, स्पून फिरतच राहील. स्विव्हल लावायचाच तर हातभर वर लावा, स्पूनला चिकटून नको.

आणि जेवणाच्या स्टीलच्या चमच्याचा दांडा कापून स्पून करण्याची ती लाडकी युक्ती! तो सगळीकडे खोलगट, वर कडक स्टील, ड्रिल झिजतं. करायचाच असेल तर तंगूस चमच्याच्या निमुळत्या टोकाला आणि गळ दांड्याकडच्या रुंद बाजूला. सगळे नेमकं उलटं करतात, कारण तुटलेल्या दांड्याजवळ भोक पाडणं सोयीचं वाटतं.

गळ एकेरीच बरा, लांब तोंडाचा. तिकडी गळ शेवाळात आणि पाणवनस्पतीत अडकतो. कडा कानशीने गोल करा आणि रिंग न लावता तंगूस थेट भोकात बांधू नका, भोकाची धार त्याला कापते.