फॉरमॅट बदलला की मॉडेलच बदललं?

खाणीचं ब्लॉक मॉडेल, म्हणजे जमिनीखालच्या खडकाचे ठोकळे कल्पून प्रत्येकात किती धातू आहे याची केलेली नोंद, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना दोन वेगळी कामं एकाच नावाखाली उरकली जातात. एक, एक्सपोर्ट: ब्लॉक तेच, त्यांचे आकडे तेच, फक्त फाइल वेगळी. दुसरं, रेग्युलराइज करणं: लहानमोठे सब-ब्लॉक (ब्लॉकचे तुकडे) एकत्र करून सगळे एकाच मापाचे करणं. दोन्हीकडे शेवटी नीट उघडणारी फाइल हातात पडते, म्हणून फरक लक्षात येत नाही.

रेग्युलराइज करायची वेळ येते ती मापांमुळे. डेटामाइन या खाणकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये सब-सेल, म्हणजे सब-ब्लॉकच, हव्या त्या मापाचा चालतो. सरपॅक या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या पद्धतीत ब्लॉक निम्मा, मग त्याचा निम्मा, असाच तुटतो. जीएसलिब या भूसांख्यिकीच्या प्रोग्रामसंचाच्या ग्रिडमध्ये तर सब-ब्लॉकला जागाच नाही.

आता १० × १० × ५ मीटरचा एक ब्लॉक घ्या, ५०० घनमीटरचा. त्यातले २०० घनमीटर सोनं असलेल्या खडकाचे: घनता ३.० टन प्रति घनमीटर, ग्रेड (दर टनातलं सोनं) २ ग्रॅम प्रति टन. उरलेले ३०० घनमीटर टाकाऊ खडक: घनता २.५, ग्रेड शून्य. म्हणजे १,३५० टनांत १,२०० ग्रॅम सोनं. ग्रेडची सरासरी टनांच्या वजनाने काढली तर ०.८९ येते आणि सोनं जुळतं. नुसत्या घनफळाने काढली तर ०.८ येते, सोनं १,०८० ग्रॅमच उरतं. दहा टक्के गेले, आणि एररचा संदेशही आला नाही.

पण सरासरी बरोबर काढली तरी मॉडेल पहिलं राहत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १ ग्रॅमचा कटऑफ लावा, म्हणजे त्याहून कमी ग्रेडचं सगळं टाकाऊ धरा. आधी ६०० टन धातुक होतं, आता एक टनही नाही. अख्खा ब्लॉक टाकाऊत गेला. म्हणून शून्य कटऑफला टनेज जुळलं एवढ्यावर समाधान मानू नका, दोन-चार कटऑफ लावून बघा. निव्वळ एक्सपोर्ट असेल तर आकडे प्रत्येक ठिकाणी तेच यायला हवेत. रेग्युलराइज करताना खडकाचा प्रकार सांगणाऱ्या कोडची सरासरी काढायची नसते, आणि रिकाम्या जागी भरलेला -९९ आधी बाजूला काढावा लागतो, नाहीतर तोही ग्रेड म्हणून मोजला जातो.

एक्सपोर्टमध्ये आकडे शाबूत राहतात, जागा चुकू शकते. डेटामाइनचा ओरिजिन (मोजणीचा आरंभबिंदू) मॉडेलच्या कोपऱ्यावर असतो, जीएसलिबचा पहिल्या ब्लॉकच्या मध्यावर. तोच आकडा तसाच टाकला तर १० मीटरच्या ब्लॉकचं मॉडेल ५ मीटर सरकतं. सीएसव्ही देताना मध्यबिंदूसोबत प्रत्येक ब्लॉकची लांबी, रुंदी, उंचीही द्या. त्याशिवाय सब-ब्लॉक पुन्हा उभे करता येत नाहीत. मॉडेल असं सरकलेलं एकूण टनेजच्या तक्त्यात दिसणार नाही. ते पकडायला सेक्शन (उभा छेद) काढून ब्लॉक ड्रिलहोलवर, म्हणजे नमुन्यासाठी पाडलेल्या भोकांवर, ठेवूनच बघावे लागतात.