नेग्रिल

नेग्रिल : जमैकाच्या पश्चिम टोकावरचे पर्यटनगाव. वेस्टमोरलँड आणि हॅनोव्हर या दोन पॅरिशांच्या (जिल्ह्यांच्या) सीमेवर ते वसले आहे. माँटेगो बेच्या विमानतळापासून मोटारीने साधारण दीड तास लागतो. ‘सेव्हन माइल बीच’ हे नाव जगभर गाजले असले, तरी पांढऱ्या वाळूचा हा पट्टा सात मैलांपेक्षा बराच कमी भरतो. दक्षिणेला वाळू संपून चुनखडीचे कडे सुरू होतात. तिथले दीपगृह १८९४ सालचे आहे.

१९५९ मध्ये माँटेगो बेकडून रस्ता होईपर्यंत ही कोळ्यांची लहानशी वस्ती होती. सत्तरच्या दशकात अमेरिकेतून हिप्पी तरुण आले आणि गावकऱ्यांच्याच घरांत भाड्याने राहिले. पाहुणा आणि यजमान एका छपराखाली, अशी नेग्रिलच्या पर्यटनाची सुरुवात होती. पुढे ऑल-इन्क्लुसिव्ह हॉटेले आली. मनगटावर पट्टा बांधला की खाणे, पिणे, करमणूक सगळे आतच. बाहेर पडायचे कारणच उरत नाही. दुसरीकडे, जमैकन माणसाला स्वतःच्या देशातल्या समुद्रावर जाण्याचा सरसकट हक्क नाही. १९५६ च्या बीच कंट्रोल अ‍ॅक्टने किनारपट्टी सरकारच्या ताब्यात दिली, पण पोहण्या-फिरण्याचा सर्वसाधारण हक्क लोकांना दिला नाही. हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध तिथे आजही चळवळ चालू आहे.

नेग्रिल समजून घ्यायचे तर सव्हाना-ला-मारचा रस्ता धरावा. वेस्टमोरलँडचे हे मुख्य गाव. लोक त्याला नुसते ‘साव’ म्हणतात. लाल नंबरप्लेटची शेअर टॅक्सी तिकडे जाते. मागच्या सीटवर दाटीवाटीने बसावे लागते, आणि आत शिरताना सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे असते. न बोलता बसणे उद्धटपणाचे समजतात. दुतर्फा ऊस लागतो. वाटेत लिटल लंडन हे गाव आहे, आणि तिथले काही चेहरे थेट उत्तर प्रदेश-बिहारची आठवण करून देतात.

१८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६,००० भारतीय मजूर करारावर जमैकात आणले गेले. त्यांतले पुष्कळ उसाच्या मळ्यांवर राबले आणि इथलेच झाले. त्यांची भाषा नातवंडा-पतवंडांपर्यंत टिकली नाही, स्वयंपाक मात्र टिकला. ‘करी गोट’ म्हणजे बकऱ्याचे हळदीच्या रंगाचे कालवण आज सगळ्या जमैकाचे झाले आहे; लग्नात ते हवेच. मसाला आपल्या ओळखीचा, पण त्यात थाइम या सुगंधी वनस्पतीच्या काड्या आणि स्कॉच बॉनेट ही जहाल मिरची पडते. ‘रोटी’ आणि ‘गांजा’ हे शब्दही त्याच जहाजांतून आले.

सावच्या उत्तरेला फ्रोमचा साखर कारखाना आहे. १९३८ मध्ये तिथल्या कामगारांनी मजुरीसाठी संप केला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली आणि असंतोष बेटभर पसरला. जमैकाच्या कामगार संघटना आणि राजकीय पक्ष याच लाटेतून उभे राहिले. समुद्रावर आठवडा काढणाऱ्या फार थोड्यांच्या कानावर फ्रोमचे नाव पडते, याचे वाईट वाटते. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा चक्रीवादळही याच वेस्टमोरलँडच्या किनाऱ्यावर धडकले.

रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर कोकणी माणसाला एक जुनी ओळख भेटते : नीरफणस. ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये गुलामांच्या स्वस्त अन्नासाठी त्याची रोपे पॅसिफिकमधून जमैकात आणली. आपण काप करून रव्यात घोळवून तळतो. इथे अख्खे फळ निखाऱ्यावर ठेवतात. साल कोळशासारखी काळी पडली की सुरीने सोलतात. आतून पिवळसर, वाफाळता गर निघतो. त्याच्या फोडी खारवलेल्या माशासोबत देतात.