बर्फ वितळवून बर्फच वर काढायचा

बर्फात खोलवर ड्रिल चालवताना खरी डोकेदुखी असते ती दात्यांमधून निघणाऱ्या भुशाची. तो काढला नाही तर यंत्राभोवती घट्ट बसतो आणि ड्रिल खालीच अडकतं. मग कापायचंच कशाला, वितळवू या, हा मार्ग लायल हॅन्सन आणि हर्बर्ट उएदा या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी ग्रीनलंडच्या कॅम्प सेंच्युरी तळावर धरला. नळीच्या टोकाला विजेवर तापणारं कडं. ते बर्फ वितळवत खाली सरकतं आणि मधला दंडगोल, म्हणजे कोअर, अखंड नळीत शिरतो. पाणी मात्र लगेच उपसावं लागतं, नाहीतर ते पुन्हा गोठून यंत्रालाच जखडतं. भुशाची कटकट गेली, पाण्याची आली!

५३५ मीटरनंतर त्यांनी हा नाद सोडला आणि दात्यांचं विजेवर चालणारं ड्रिल आणलं. जुलै १९६६ मध्ये त्यानेच १,३८७ मीटरवर बर्फाचा तळ गाठला. उष्णतेचं ड्रिल वीज खूप खातं, शिवाय अतिथंड बर्फाला एकदम ऊब लागली की कोअरला तडे जातात.

सोव्हिएत तंत्रज्ञांनी मात्र हे तंत्र सोडलं नाही. अंटार्क्टिकाच्या व्होस्तोक तळावर १९७० पासून ते तापत्या कड्यानेच खोदत राहिले. एप्रिल १९८२ मध्ये तिथलं वीजघर जळालं, एक जण दगावला आणि उरलेल्यांनी तो हिवाळा कसाबसा काढला. तरी १९८५ पर्यंत भोक २,२०२ मीटरवर पोचलं होतं. गेल्या १,६०,००० वर्षांत तापमान आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड जोडीनेच बदलत गेले, हे दाखवणारे १९८७ चे गाजलेले निष्कर्ष याच भोकातल्या कोअरमधून निघाले. त्यामुळे हे तंत्र फसलं होतं, असं म्हणणं मला पटत नाही. नंतरच्या एका भोकात मात्र अडीच किलोमीटरनंतर व्होस्तोकवरही दातेच आले.

उष्णतेची खरी जागा निघाली ती उबदार बर्फात. वितळणबिंदूच्या जवळ असलेल्या बर्फाचा ओला भुसा दात्यांना चिकटून बसतो, तिथे तापतं कडं सरस ठरतं. पेरूच्या केल्काया हिमटोपीवर, साडेपाच किलोमीटरहून जास्त उंचीवर, हिमशास्त्रज्ञ लॉनी थॉम्पसन यांच्या चमूने १९८३ मध्ये सौरऊर्जेवर असं ड्रिल चालवून खडकापर्यंत मजल मारली. कोअर गोठलेला खाली आणण्याची सोय तेव्हा नव्हती. त्याचे तुकडे तिथेच वितळवून बाटल्यांत भरले गेले. गोठलेला कोअर तिथून आला तो २००३ मध्ये.